वासंतीबाईंचं पहिलं मैदान

आयर्लंडमधल्या डून लेरीच्या त्या हॉलच्या दारात वासंतीबाई वाकून बूट काढायला लागल्या, तशी सुनेनं त्यांचा दंड धरला.

"आई, इथं नाही काढायचे. मॅटवर जाणाऱ्यांनीच काढायचे."

"असू दे गं. मैदानाला आलोय, पायात बूट बरं दिसत नाही."

"थंडीनं पाय गारठतील. चला."

विभावरी पुण्याची. तिचं बोलणं मऊ, पण शब्द शेवटचा. वासंतीबाई मुकाट्यानं आत गेल्या आणि तिसऱ्या रांगेत बसल्या. समोर निळ्या मॅटवर पांढरं वर्तुळ आखलेलं होतं. आज त्या वर्तुळात त्यांची नात निधी सूमो खेळणार होती.

वासंतीबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. तासगावहून तीन महिन्यांसाठी मुलाकडे, डब्लिनबाहेरच्या ल्यूकनला आल्या होत्या. मुलगा राजीव लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपांच्या कारखान्यात इंजिनियर. त्याची आज रविवारचीही पाळी होती, म्हणून तो आला नव्हता. नात सतराची, आणि दोन वर्षांपासून हा खेळ खेळते हे त्यांना इथं आल्यावरच कळलं. सूमो म्हणजे डोंगराएवढे जपानी बाप्ये, एवढंच त्यांना ठाऊक. पण इथं पोरींचे वजनाप्रमाणे गट होते. काळ्या घट्ट कपड्यांवरून कमरेला जाड पट्टा गुंडाळून सगळ्या तयार होत्या. निधीच्या गटात आठजणी. त्यातल्या पहिल्या तीन आयर्लंडच्या संघातून पोलंडला स्पर्धेसाठी जाणार. निधीनं त्या पोलंडसाठी सहा महिने गोड खाल्लं नव्हतं, आजीनं करून आणलेल्या बेसनाच्या लाडवांकडे नुसतं बघून श्वास घेतला होता.

कुस्ती मात्र वासंतीबाईंच्या रक्तातली. त्यांचे वडील, गुरुनाथ वस्ताद, गल्लीच्या टोकाला तालीम चालवायचे. पहाटे शड्डू घुमले की वासंती जागी व्हायची. दुधाची चरवी घेऊन तालमीपर्यंत जायचं आणि पायरीवर ठेवून हाक मारायची, हे तिचं काम. बायकामुलींनी आत पाऊल टाकायचं नाही. मैदानालाही बायका जात नसत. पण जोर झाले की तालमीतली पोरं घरासमोरच्या ओट्यावर येऊन बसत आणि ढाक कशी बसली, पट कसा निघाला, कुणी कुणाला मोळीत उचललं, यावर तासतास भांडत. वासंती तांदूळ निवडत निवडत सगळं ऐकायची. लग्न होऊन सासरी गेली तरी एकही डाव विसरली नाही.

त्यामुळं ल्यूकनच्या घरात नात दोन पाय फाकवून दणादण पाय आपटताना दिसली, तेव्हा वासंतीबाईंना राहवलं नाही.

"आई, तिला काही शिकवू नका हं," विभावरीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तिची कोच आहे, डर्व्हला नावाची. फार कडक आहे. दोघींचं दोन व्हायला नको."

"मी कशाला शिकवू बाई!" वासंतीबाई म्हणाल्या आणि चौथ्या दिवसापासून, विभावरी ऑफिसचं काम घेऊन वर बसली की, गॅरेजमध्ये जुन्या गालिच्यावर नातीला पट शिकवू लागल्या. पट म्हणजे समोरच्याच्या पायात शिरून पाय ओढायचे. निधी एरवी इंग्रजीतच बोलायची, पण या डावांना इंग्रजीत नावंच नव्हती. मग तिचं तुटकं मराठी बाहेर पडायचं.

"आजी, असा?"

"खाली जा. अजून खाली. टेकव गुडघा."

"पण आजी, आमच्यात गुडघा–"

"बोलू नकोस, दम जातो. खाली!"

असे तीन आठवडे गेले.

आज पहिली झुंज निधीनं चुटकीसरशी जिंकली. पंचानं हात उचलला, दोघी एकमेकींवर आदळल्या, आणि समोरची वर्तुळाबाहेर. वासंतीबाईंनी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारचे म्हातारे गृहस्थ हसले. डोक्यावर चपटी टोपी, मांडीवर थर्मास. नाव डोनल. कॉर्कहून नातीसाठी आले होते. त्यांनी झाकणात चहा ओतून वासंतीबाईंपुढे धरला. चहात साखर नव्हती, पण माणूस गोड होता.

उपांत्य फेरीत निधीसमोर नेमकी डोनल यांचीच नात उभी राहिली. लालबुंद गालांची, खांद्यानं रुंद. "मे द बेस्ट गर्ल विन," डोनल म्हणाले. वासंतीबाईंनी हात जोडले.

दोघी भिडल्या. निधी मागं रेटली जाऊ लागली. पाय वर्तुळाच्या कडेशी आले. आणि मग ती सप्पकन खाली गेली, गुडघा टेकवून समोरचीच्या पायात शिरली. अगदी गॅरेजमधला पट! वासंतीबाई उभ्याच राहिल्या.

पंचानं हात वर केला. डोनल यांच्या नातीच्या बाजूनं.

"अगं ऊठ!" वासंतीबाई ओरडल्या. "पाठ कुठं लागलीय? ओढ तिचा पाय! ओढ की!"

सगळा हॉल वळून बघू लागला. विभावरीनं पदर धरून त्यांना खाली बसवलं. निधी वर्तुळात तशीच गुडघ्यावर होती, मान खाली घालून.

"शी'ज डाऊन, लव्ह," डोनल हळूच म्हणाले. तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला की संपलं, हे त्यांनी वाकून आपल्या गुडघ्यावर हात मारत समजावलं. हात, बोट, गुडघा, काहीही.

वासंतीबाईंना हरणं म्हणजे पाठ लागणं एवढंच माहीत. जन्मभर तेच ऐकलं होतं. पोरीनं गॅरेजमध्ये सांगायला तोंड उघडलं होतं, आणि त्यांनीच ते बंद केलं होतं.

आता एकच संधी उरली होती, तिसऱ्या जागेची झुंज, डब्लिन शहरातल्या एका पोरीशी. विभावरी कोचला भेटायला गेली आणि निधी पाणी प्यायला वर आली. डोळे लाल झाले होते.

"माझ्यामुळं गेली गं तुझी झुंज," वासंतीबाई म्हणाल्या.

"इट्स ग्रँड, आजी."

"डोंबल्याचं ग्रँड! मी तुला नको ते शिकवलं."

"मला रूल माहीत होता. पाय आपोआप गेला." निधी बाटलीचं झाकण उगाच फिरवत राहिली. "आता काय करू? ती डब्लिनवाली खूप स्ट्राँग आहे. सांग ना."

वासंतीबाईंच्या ओठांवर ढाक, एकचाक, सगळे डाव आले. त्यांनी ते गिळले.

"मला विचारू नकोस, बाळ. मी आजवर एकसुद्धा कुस्ती बघितलेली नाही."

"व्हॉट?"

"एकही नाही. आत जाऊच देत नसत आम्हाला. मी सगळं ऐकलेलं."

निधीनं झाकण काढलं. "म्हणजे तीन आठवडे तू मला... ऐकलेलं शिकवलंस?"

"हो."

पाण्याचा घोट घेता घेता पोरीच्या तोंडून हसू फुटलं. नाकातून पाणी आलं, ठसका लागला, तरी थांबेना. वासंतीबाई पाठ चोळता चोळता स्वतःच हसू लागल्या. खालून डर्व्हलानं हाक मारली.

"तुझ्या कोचनं काय सांगितलंय?"

"उभी राहा. ढकल. बस."

"मग तेच कर. तिनं बघितलंय, मी नाही."

निधी दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "आजी, आता तू नीट बघ हां. ओरडू नको."

वासंतीबाई ओरडल्या नाहीत. विभावरी येऊन शेजारी बसली तेही त्यांना कळलं नाही. दोघी पोरी भिडल्या, तेव्हा मांसावर मांस आपटल्याचा, लहानपणी तालमीबाहेरून ऐकलेला तो आवाज त्यांनी ओळखला, पण त्या आवाजामागं काय असतं ते आता डोळ्यांसमोर होतं. मानेच्या ताठ शिरा, मॅट पकडणारी पायाची बोटं, दातांत दाबलेला ओठ. डब्लिनची पोरगी भिंतीसारखी. निधी एकदा वाकली, खूप खाली गेली, आणि वासंतीबाईंनी डोळे मिटून घ्यायचं टाळलं. गुडघा टेकला नाही. ती तशीच वाकल्या अंगानं, इंच इंच रेटत राहिली, आणि भिंत हलली. एक पाऊल, दुसरं, आणि तिसरं पांढऱ्या रेषेपलीकडं पडलं.

डोनल यांनी टोपी काढून हवेत हलवली. विभावरी रडत होती. वासंतीबाईंना मात्र रडू येईना. वडिलांच्या तालमीतल्या पोरांची लढतानाची तोंडं त्यांना कधी पाहायला मिळाली नव्हती. आज ती सगळी एकदम भेटल्यासारखी वाटली, आणि भेटवली कुणी, तर सात समुद्रांपलीकडं वाढलेल्या, मराठी अडखळत बोलणाऱ्या एका पोरीनं. त्यांनी मनातल्या मनात आधी तिला नमस्कार केला, मग वडिलांना.

पण एक गोष्ट राहिली होती. निधी कपडे बदलायला गेली तेव्हा त्या सुनेकडं वळल्या.

"विभावरी, तुला सांगायचंय. मगाशी ती हरली ना, ते माझ्यामुळं. तू नको म्हणालीस, तरी मी गॅरेजमध्ये तिला..."

"मला माहीत होतं, आई."

"काय?"

"माझी खोली गॅरेजच्या वर आहे. रोज चारला तुमचं 'खाली, अजून खाली' सुरू व्हायचं." विभावरीनं नाक पुसलं. "दोनदा खाली आले होते थांबवायला. दारापर्यंत."

"मग थांबवलं का नाहीस गं?"

"आतून निधी तुमच्याशी भांडत होती. मराठीत. सतरा वर्षांत ती माझ्याशी सलग दोन वाक्यं मराठीत बोललेली नाही, आई. मग मी कशाला दार उघडू?"

वासंतीबाईंनी सुनेचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"पोलंडला सहा आठवडे आहेत," विभावरी म्हणाली. "तुमचं विमान आठ आठवड्यांनी. गॅरेजमधला हीटर मी राजीवला दुरुस्त करायला सांगते."

"आणि शिकवू काय आता? मला तर काहीच येत नाही."

"तिला उभी राहायला सांगा," विभावरी म्हणाली. "आणि भांडा."