पोरांजोगा खेळ

तंबूवाल्याने पडद्यावर बादलीभर पाणी उडवले, तशी जैतुनबीने नातीला, लैलाला, मागे ओढले. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला. पुढच्या बाजूला पुरुष, मागच्या बाजूला बायका. कापड ओले असले की चित्र आरपार दिसते, असे तिने बाजारात ऐकले होते. पलीकडे गुरुजी बसले असणार. अलीकडे, तिच्या डाव्या हाताला, पदर कपाळापर्यंत ओढून धोंडाबाई बसली होती.

हा सिनेमा वलवणच्या पोरांना दाखवायचा की नाही, ते आज ठरायचे होते. लोणावळ्यात तंबू आल्यापासून पोरांना दुसरे काही सुचत नव्हते. मालकाने शाळेतल्या पोरांसाठी एक खेळ फुकट द्यायचे कबूलही केले होते. पण आठवडी बाजार उठला की तंबू हलणार, म्हणून सकाळपर्यंत त्याला हो की नाही ते हवे होते. दत्तोबा गुरुजी म्हणाले, मी पाहून सांगतो. बायकांना ते काही पटले नाही. गुरुजींना राक्षसातसुद्धा बोध सापडतो, असे बायकांचे म्हणणे. त्यांनी जैतुनबीला गळ घातली. ती मण्यारीण, बांगड्या भरायला घरोघर जायची आणि गावातल्या एकूण एक पोरीचे मनगट ओळखायची.

धोंडाबाईला मात्र कुणी पाठवले नव्हते. ती आपणहून आली होती, आणि नाही म्हणायलाच आली होती. सिनेमात एक गाव बुडते, हे तिच्या कानावर आले होते. धरणाचे पाणी चढले तेव्हा जी वाडी बुडाली, तिथली ती. वाडीची माणसे वलवणला येऊन राहिली त्याला पंधरा वर्षे होऊन गेली. पोरांसमोर वाडीचा विषय काढायचा नाही, हा तेव्हापासून तिचा दंडक. जे गेले त्याची हळहळ पोरांच्या गळ्यात कशाला? उन्हाळ्यात पाणी ओसरून देवळाचा चौथरा उघडा पडे, तेवढे दिवस पोरांनी काठाकडे फिरकायचे नाही. तिचा शब्द मोडायची गावात कुणाची टाप नव्हती.

"एक डाव बगते, आन पोरं यायची न्हाईत म्हनून सांगून टाकते," वाटेत ती म्हणाली होती.

"न्हाईच म्हनायचं तर बगायचं कशाला, मावशी?"

धोंडाबाईने त्यावर पदर सारखा केला होता.

दिवे मालवले. पेटी-तबला सुरू झाला आणि पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस गोष्ट सांगू लागला. बायकांच्या बाजूने सगळेच उलटे दिसत होते. राजा डाव्या हाताने तलवार उपसायचा, ऋषी डाव्या हाताने आशीर्वाद द्यायचे. जैतुनबीला गंमत वाटली. मग आपण कशासाठी आलोय ते आठवून ती सावरून बसली.

बांगडी भरताना ती कधी हाताकडे बघत नसे, तोंडाकडे बघे. दुखायच्या आधी पापणी हलते. तिथे थांबायचे, हात चोळायचा, मग पुन्हा सरकवायची. सिनेमाही तिने तसाच जोखायचे ठरवले. पडद्याचा मोह मोठा होता, तरी तो आवरून ती लैलाच्या तोंडाकडे बघत राहिली.

राक्षस आला. पलीकडून पुरुषांचा गलका उठला.

"मिशी निसटलीया त्याची," लैला म्हणाली आणि खुदकन हसली.

राजपुत्राने राजकन्येचा हात धरला. पलीकडे गुरुजी खाकरल्याचे स्पष्ट ऐकू आले. लैलाने जांभई दिली आणि फुटाणे मागितले. जैतुनबीचा जीव भांड्यात पडला.

मग पाणी आले. तलावाची भिंत फुटली, लोंढा गावात घुसला, झोपड्या कोसळल्या, माणसे हात वर करून सैरावैरा पळाली. पेटीवाल्याने तर पेटी मोडायचीच बाकी ठेवली. लैलाचे चघळणे थांबले. जैतुनबी वाकून बघू लागली. पापणी हलली नव्हती. पोरीला भीती वाटत नव्हती, तिला काहीतरी विचारायचे होते.

"दादी, त्यांच्या कोंबड्या कुटं गेल्या?"

जैतुनबी तोंड उघडणार, तेवढ्यात डावीकडून आवाज आला.

"पाटीखाली झाकून न्हेल्या. आमी तरी तशाच न्हेल्या."

जैतुनबीने मान वळवली. इतका वेळ आपण भलत्याच तोंडाकडे बघत होतो, असे तिला वाटले. धोंडाबाईचा पदर खांद्यावर घसरला होता. डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती. तिला चक्क राग आला होता.

"असं येतं व्हय पानी?" ती पडद्याला म्हणाली. "बोंबलत? पानी गुमान येतं. आदी शेतात, मग गोठ्यात. मी चूल सारवून निगाले, तवा उंबऱ्याशी व्हतं."

"चूल कशाला सारवली?" लैलाने विचारले. "ती तर बुडनारच व्हती की."

धोंडाबाईने पडद्यावरची नजर पोरीकडे वळवली.

"म्हनून पारोशी सोडायची व्हय, बाई?"

पडद्यावर राजपुत्राने डाव्या हाताने राक्षस मारला, पण ते बघायला लैलाला सवड नव्हती. ती सरकत सरकत धोंडाबाईच्या मांडीपाशी पोचली होती. देऊळ केवढं व्हतं? गुरं रडली का? जैतुनबी ऐकत राहिली. सासूबरोबर तीही त्या वाडीत बांगड्या भरायला जायची. देवळापुढचा चाफा तिला अजून आठवे. तो शेवटी तोडला की तसाच बुडाला, हे विचारायचा धीर तिला इतक्या वर्षांत झाला नव्हता. लैलाने ते एका दमात विचारून टाकले. जैतुनबीला नातीचा हेवा वाटला.

सकाळी ती शाळेत गेली तेव्हा गुरुजी ओसरीवर येरझारा घालत होते.

"माझं मत पक्कं झालंय, जैतुनबी. हात धरण्याचा प्रसंग एक वेळ चालेल. पण तो पूर पोरांच्या मनाला लागेल, विशेषतः वाडीच्या पोरांच्या. धोंडाबाईंचंही हेच म्हणणं असणार. नाही म्हणून कळवतो." मग त्यांनी आत डोकावले. "आणि आज एकही पोर कसं नाही?"

जैतुनबीने हनुवटीनेच काठाकडे दाखवले. गुरुजींनी डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि तडक छडी उचलली.

"काठाकडं कुणी सोडलं यांना?"

"बसा, गुरुजी. धोंडाबाई हायेत संगट."

ओसरलेल्या पाण्याच्या भेगाळ चिखलात, चौथऱ्याच्या अलीकडे, धोंडाबाई लुगडे वर खोचून चालत होती. एका हाताला लैला, भोवती सगळी शाळा. थोडे चालून ती थांबली, वाकली आणि एका जागी तळहात टेकवून चूल सारवल्यासारखा फिरवला. पोरे पटापट खाली बसली आणि त्यांनीही तिथे आपापले हात टेकवले.

गुरुजी ओसरीच्या पायरीवरून मागे फिरले. छडी त्यांनी दाराआड ठेवून दिली.

"मग तंबूवाल्याला काय सांगू?"

"दाखवा म्हनावं," जैतुनबी म्हणाली. "पन पोरं आता त्यात चुका काडतील."