शेक कशासाठी?

आपल्याकडे घरात कुणाला मोठा आजार झाला, की तो पाहुण्यारावळ्यांना कळतो, भावकीला कळतो, पारावरच्या रिकामटेकड्यांनाही कळतो. कळत नाही तो फक्त एकाला, ज्याला झालाय त्याला! सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत कोरेगावजवळच्या नानासोंच्या घरात हेच चालले होते.

नानासोंचा धाकटा भाऊ जयराज फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. वय सत्तेचाळीस, सिगारेट तिकडेच जडलेली. श्रावणात खोकल्यातून रक्त पडले आणि सांगलीच्या दवाखान्यात फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. नानासोंनी डॉक्टर विनोदिनीबाईंना व्हरांड्यातच गाठून हात जोडले. "मॅडम, काय असंल ते मला सांगा. त्याला कळलं तर हाय खाईल त्यो."

"ठीक आहे, तुम्हीच सांगा त्यांना. पण लवकर सांगा," बाई म्हणाल्या. नानासो व्हय व्हय म्हणाले आणि घरी येऊन जयराजला आणि त्याच्या बायकोला सांगितले, की छातीत जुना कफ साठलाय. खरे काय ते भावकीलाच ठाऊक.

कॅन्सरच्या औषधाच्या दोन सलाईन झाल्या आणि खोकला पळाला. फोटोत गाठही जवळजवळ दिसेना. तिसऱ्या सलाईनबरोबर बाईंनी छातीला किरणांचे उपचार सुरू केले, ज्याला सगळे शेक म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस जयराज माधवनगरला पाहुण्यांकडे राहून शेक घेई. किरण नेमके कुठे पडायचे, त्यासाठी छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा आखल्या होत्या. त्या पुसायच्या नाहीत, असे बाईंनी नानासोंना बजावले होते. नानासोंनी ते पोटातच ठेवले. एक गोष्ट सांगावी तर घरातले दहा प्रश्न विचारणार!

व्हायचे तेच झाले. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला जयराजची बायको लीलाबाई हिने नवऱ्याला तेल लावले, उटण्याने छाती खसाखसा चोळली आणि दवाखान्याचा मळ म्हणून रेघा पार घालवल्या. जयराज उघड्या अंगाने फराळाला आला तेव्हा नानासोंची नजर त्याच्या कोऱ्या छातीवर गेली. पण तेव्हाही ते बोलले नाहीत.

भाऊबीज झाली. सोमवारी नानासो पिशवी भरून तयार झाले, तर जयराज जागचा हलेना.

"दादा, मी न्हाई येनार. खोकला गेला. आता घास गिळताना घसा जळतोय, त्यो तुमच्या शेकानंच. कफ गेलाय, मग शेक कशासाठी?"

प्रश्न सरळ होता. कफ म्हणून सांगितल्यावर त्याला उत्तर कुठून आणणार? शिवाय नानासोंच्या मनातही पाल चुकचुकत होतीच. त्यांच्या चुलत्याला, तात्याबांना, शेक दिला आणि महिन्यात ते गेले. शेक दिला की माणूस राहत नाही, हे भावकीत सगळ्यांचे ठाम मत होते. दोन दिवस असेच गेले. बुधवारी नानासो पॅसेंजरने एकटेच सांगलीला गेले.

"मॅडम, गाठ तर विरघळली. सलाईन चालू ऱ्हाऊ द्या, शेक तेवढा बंद करू या."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गाठ दिसत नाही, गेलेली नाही. नुसत्या सलाईनवर हा आजार बहुतेक जुन्या जागीच परत उठतो. त्या जागेला शेक हवा. आणि नुसता शेक दिला, तर रक्तातून दुसरीकडे गेलेले, डोळ्यांना न दिसणारे आजाराचे दाणे तसेच राहतात. त्यांना सलाईन हवी. दोन्ही बरोबर दिले तर निभावण्याची संधी वाढते. खात्री मी देत नाही."

"पर आमचं तात्याबा शेकानंच गेलं की!"

"ते आले तेव्हा आजार कुठवर गेला होता?"

"हाडात उतरला हुता."

"म्हणजे दुखणे कमी व्हावे म्हणून दिला होता. तुमच्या भावाचा आजार अजून छातीच्या एकाच बाजूला आहे. सगळीकडे पसरला असता, तर छातीच्या शेकासाठी मी एवढा हट्ट धरलाच नसता. आशा आहे म्हणून शेक आहे, नानासाहेब!"

ज्याला नानासो शेवट समजत होते, ती तर भावाची खरी संधी होती!

"दिवाळीपासून शेकाचे सहा दिवस वाया गेलेत," बाई म्हणाल्या. "असा खंड या आजाराच्या पथ्यावर पडतो. त्यांना काय सांगितलंय तुम्ही?"

"छातीत कफ हाय म्हनून," नानासो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उसाच्या बांधावर त्यांनी जयराजला सगळे सांगितले. कॅन्सर हा शब्दही लपवला नाही. "हरळीसारखं हाय रं. वरनं जळाली तरी मुळी ऱ्हाती. दाट हाय तिथं खणायचं आन् बाकीच्या रानात औषध मारायचं. दोनी कामं बरूबर झाली पायजेत."

जयराजने बांधावरचे ढेकूळ पायाने फोडले. मग उसळला. "दादा, फौजेत समोर दुश्मन किती हाय ते आदी सांगायचे, मग पुढं धाडायचे. माज्याच छातीतली गोष्ट, आन् मलाच ठावं न्हाई? मी काय बारकं पोर हाय व्हय?"

"चुकलं माजं," नानासो म्हणाले. थोरल्या भावाच्या तोंडून हे शब्द जयराजने जन्मात पहिल्यांदा ऐकले.

त्याने तोंडावरून हात फिरवला. "किती शेक ऱ्हायलेत?"

"अठरा."

"मग दुपारची गाडी गाठू. लीलालाबी घ्या. तिलाबी समदं कळू दे."

बाईंनी नव्याने रेघा आखल्या. लीलाबाईने त्यांना विचारून घेतले, कुठे पाणी चालेल, घसा जळत असताना काय खायला द्यावे. जयराजने अठराच्या अठरा शेक घेतले, उरलेल्या सलाईनही घेतल्या. दोन वर्षांनंतरही तो तपासणीला सांगलीला जातो, स्वतःचे कागद स्वतःच्या हातात घेऊन.

मित्रहो, आपल्या घरात असा आजार आला, तर ज्याचा आजार आहे त्याला आधी विश्वासात घ्या. कोणता उपचार कशासाठी आहे, हे त्याला कळले तरच उपचार पुरा होईल. अर्धा उपचार कुणाच्या कामाचा नाही. मायेपोटी आपण गप्प बसतो, हे खरेच. पण जयराजचे ते सहा दिवस नानासोंच्या मायेनेच खाल्ले होते.