न चाललेलं मशीन

सरकारी तपासणी येणार म्हणून केंद्रप्रमुख राजवर्धन सरांनी लोखंड कातायचं लेथ मशीन सकाळीच पुसून घेतलं. राज्य सरकारच्या अनुदानातून आलेलं ते मशीन घणसोलीच्या या प्रशिक्षण केंद्रात कित्येक महिने नुसतं उभं होतं. त्याला लागणारी जास्त दाबाची वीजजोडणी सरांनी घेतलीच नव्हती. बाया-पोरी भिंतीवर व्हिडिओ बघून शिकत होत्या.

"विचारलं तर सांगायचं, रोज चालवतो. आत्ता लाईट गेलीय," सर म्हणाले आणि त्यांनी मेन स्विच बंद केला.

तपासणीला आलेल्या गीतांजली मॅडमनी खुर्ची मागितली. "येऊ दे लाईट. मी थांबते."

पंखे बंद, खोलीत उकडत होतं. समोरच्या दुकानातली ट्यूबलाईट खिडकीतून लख्ख दिसत होती. मॅडमनी ती पाहिली आणि पहिल्या रांगेतल्या जयमालाकडे त्या वळल्या.

"तुम्ही किती वेळा चालवलंत हे मशीन?"

दोन मुलांना सासूकडे ठेवून जयमाला इथे येत होती. शेजारी अक्षता बसली होती. सर्टिफिकेट मिळालं की महापेच्या कारखान्यात तिची नोकरी पक्की होती. तिने जयमालाचा हात घट्ट दाबला. सर दारातून रोखून बघत होते. जयमालाला मात्र कारखान्यातलं फिरतं मशीन दिसत होतं, आणि त्याच्यासमोर ती स्वतः, हात कुठे ठेवायचा हेही न कळणारी.

"एकदापण नाही, मॅडम."

अक्षताने हात सोडला.

केंद्राचं अनुदान थांबलं. अख्खी बॅच सरकारी आयटीआयमध्ये गेली, कोर्स पहिल्यापासून सुरू झाला. महापेवाल्यांनी दुसरी मुलगी घेतली. "तुझ्यामुळे, ताई," एवढंच अक्षता जिन्यात म्हणाली आणि तिने बोलणं टाकलं. घरी नवराही म्हणाला, "गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" जयमाला भाकरी थापत राहिली.

आयटीआयत मशीन चालवायची पाळी आधी तिचीच आली. हिरवं बटण दाबताच घरघर उठली, पकडीतला लोखंडी तुकडा गरगर फिरू लागला. जयमाला दचकून मागे सरली.

बाजूच्या मशीनपाशी अक्षता उभी होती.

"चष्मा डोळ्यांवर घे, ताई," ती म्हणाली. "लोखंडाचा कीस उडतो."