दोन पळ्या ऑइल

सकाळी उठल्यापासून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन जपाची माळ पुरी होईपर्यंत आमच्या घरात दोन माणसं बोलत नाहीत. एक मी आणि दुसरे हे. मौनाचा नियम आधी माझा होता. ह्यांनी तो बऱ्याच वर्षांनी घेतला, आणि घेताना महाराजांना सांगितलं की कापडदुकानात दिवसभर बोलून घसा बसतोय, सकाळी तेवढीच विश्रांती. महाराज हसले आणि नियम दिला.

खरं सांगायचं तर ह्यांना मौनाची वेगळी गरज नव्हती. दुकानातून आले की दिवस मावळायच्या आत जेवण, मग पेपर, मग झोप. ‘हूं’ आणि ‘बरं’ एवढ्यावर आमचा संसार चाललेला. ह्यांना बोलतं करणारी जागा एकच, आमच्या जुन्या क्रीम रंगाच्या पद्मिनी गाडीची पुढची सीट. स्टिअरिंगजवळचा तो लांब गिअर पडला की ह्यांची जीभ सुटते. दर अमावास्येला आम्ही निपाणीहून घाट चढून स्तवनिधीला दर्शनाला जातो. कोणत्या वळणावर थोरल्या काकांची बैलगाडी उलटली होती, कोणत्या आंब्याखाली ह्यांनी शाळा बुडवून कैऱ्या खाल्ल्या, सगळं मला ह्या गाडीत बसून कळलं आहे. त्या एका फेरीतलं बोलणं मला महिनाभर पुरतं.

गेल्या अमावास्येला गाडी घाटातच बसली. मागून निळसर धुराचा लोट, पुढं इंजिनाची धाप, आणि भरमूच्या रसवंतीसमोर येऊन ती जी थांबली ती हलेना. भरमूनं रसाचं गाडगं ठेवून धक्का मारला, उसाच्या ट्रॅक्टरवरची दोन माणसं उतरली. लोक हसत नव्हते, पण ह्यांना तसं वाटलं. वर पोचल्यावर क्षेत्रपालापुढं हात जोडून हे माझ्या शेजारीच म्हणाले, “पुढच्या अमावास्येला ही घाटात थांबली तर हिचा त्याग. परिग्रह कमी करायचाच हाय, हितनंच सुरुवात.”

देवापुढं बोललेला शब्द. मी काय म्हणणार. बेळगावात कॅम्पमध्ये नागेंद्र म्हणून एकजण आहे, लग्नाच्या वरातीला जुन्या गाड्या देतो. त्याला ह्यांनी फोनही करून ठेवला, की कदाचित गाडी न्यायला यावं लागेल. वरातीत फुलं लावून ती फिरेल, वाईट नाही. पण पुढच्या सीटवर दर वेळी कोणीतरी नवी नवरी बसेल, आणि आम्ही लेकाच्या नव्या गाडीत मागं. त्या गाडीत हे बोलत नाहीत. एसीनं घसा धरतो म्हणतात.

त्या महिन्यात मी एक गोष्ट सुरू केली. सकाळी हे आधी बस्तीला जातात, मी अंगण झाडून मागून निघते. निघताना गाडीचं झाकण उचलायचं, ऑइलची पट्टी ओढून बघायची, ह्यांना बघताना पाहिलेलं तसं, आणि डब्यातलं पळीभर ऑइल वरून सोडायचं. पट्टीवर दोन खुणा असतात हे मला दिसत होतं. वरची खूण बुडालेली दिसली की मला बरं वाटायचं. मी घरी समईला आणि बस्तीत नंदादीपाला तेल घालत आलेली बाई. तेल कमी पडू द्यायचं नाही, एवढंच मला ठाऊक. शिवाय धूर वाढत होता. धूर म्हणजे ऑइल जळतंय, म्हणजे आणखी घालायला पाहिजे. डबा मात्र माझ्या हिशेबापेक्षा भराभर रिकामा होत होता. मला वाटे, गाडी पिते तसा हा डबाही पितो की काय.

अमावास्या शनिवारी आली. आमची सून रूपाली निपाणीतच बँकेत आहे. तिला त्या शनिवारी सुट्टी होती. ती बेळगावातल्या अनगोळची, वडिलांचं तिथं गॅरेज आहे, आणि लहानपणी बाहुल्यांऐवजी पान्यांशी खेळली असं तिची आईच सांगते. आदल्या संध्याकाळी मी तिला हळूच विचारलं, “गं, ही घाट चढंल असं काय करता येतंय का?”

“ऑइल बदलून बघूया आत्ती. कधी बदललंय?”

ह्यांनी पेपरातून मान वर केली. “घालतोय की.”

“घालणं आणि बदलणं येगळं, मामा,” ती म्हणाली. हे पुन्हा पेपरात गेले. त्या ‘घालतोय’कडं माझं लक्षच गेलं नाही.

सकाळी फटफटताना तिनं इंजिन थोडा वेळ चालू ठेवून बंद केलं. ऑइल गरम झालं की पातळ होऊन नीट निथळतं म्हणे. मी आधी मऊ झाडूनं गाडीखालची जागा झाडली, मुंग्यांची रांग पलीकडं वळवली, वर भुश्श्याचा थर आणि पेपर पसरले. एक थेंब मातीत जाता कामा नये, हे मी रात्रीच बजावून ठेवलं होतं. रूपाली जुन्या ड्रेसवर पोतं अंथरून खाली सरकली, घमेलं लावलं, पान्यानं खालचा बोल्ट सैल केला. काळी जाड धार पडली. हे बस्तीला निघालेले, हातात अक्षतांची डबी, पण पाय निघेना. दोघंही मौनात, दोघंही वाकून बघतोय.

घमेलं भरत आलं. धार काही बारीक होईना.

“मामा,” गाडीखालून आवाज आला, “हिच्या पोटात तीन-साडेतीन लिटर मावतंय. ह्यो झरा कुठला लागलाय?”

ह्यांनी डबी ह्या हातातून त्या हातात घेतली.

“आत्ती, काठापर्यंत आलं. दुसरं काय तरी आणा लवकर.”

मी धावले आणि हाताला लागलं ते पातेलं आणून खाली सारलं. रूपालीनं ते बघितलं. “आत्ती, दुधाचं आणलासा व्हय.” तोवर धार त्यात पडायला लागली होती. जे व्हायचं ते झालं. त्या दिवसापासून ते पातेलं गॅरेजचं.

शेवटी थेंब थेंब राहिलं तेव्हा ती बाहेर आली, नाकावर काळा ठिपका, आणि दोन्ही भांड्यांकडं बघत उभी राहिली. “जवळजवळ दुप्पट हाय. आत दांडा फिरत असतो, तो जास्तीच्या ऑइलात बुचकळतो आणि ताक घुसळल्यागत फेस काढतो. मग धूर. मग गाडीचा दम जातोय. ही म्हातारी झालेली न्हाय, हिला बुडवून ठेवलंय कुणीतरी. कोण घालतंय ऑइल?”

आम्ही दोघं उभे. बोलता येईना. एवढं मोठं मौन मी आयुष्यात पाळलं नसेल.

“बोलू नका, खूण करा. ज्यानं घातलं त्यानं हात वर.”

मी हात वर केला. आणि शेजारी अक्षतांची डबी धरलेला हात वर गेला.

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी माझ्याकडं. मग हे सावकाश गेले, जास्वंदीच्या कुंडीमागून एक स्टीलची पळी काढून आणली, वर ऑइलचा लखलखीत थर. मी खिडकीच्या कट्ट्यावरून माझी पितळी पळी काढली. दोन्ही पळ्या बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवल्या.

रूपाली कपाळाला हात लावणार होती, हात काळा आहे हे आठवून थांबली. “रोज? दोघंबी?” आम्ही मान हलवली. “पट्टी बघून?” ह्यांनी डोळ्यांकडं बोट करून देवघराकडं दाखवलं. चष्मा तिथं असतो, सकाळी आंघोळीनंतर देवापुढंच विसरतो. “आणि आत्ती, तुम्ही?” मी दोन्ही हातांनी समईत तेल घातल्याची खूण केली.

“अहो, ही गाडी हाय, नंदादीप न्हवं. मी म्हणतेय काय रोग झालाय. रोग कसला, लई लाड झाल्यात.”

ह्यांचं पोट हलायला लागलं. आवाज नाही, नुसतं पोट. मी पदर तोंडात धरला.

मग तिनं खालचा बोल्ट नव्या वॉशरसकट आवळला, फिल्टर बदलला आणि मापानं नवं ऑइल ओतलं. मी सवयीनं गाळायचं फडकं पुढं केलं. “न्हाय आत्ती, पाणी गाळा, हे न्हाय.” थोडं थांबून तिनं पट्टी पुसली, बुडवली, काढून माझ्या डोळ्यांसमोर धरली. सोनेरी ऑइल दोन खुणांच्या बरोबर मधे थांबलं होतं. “ह्याच्या खाली न्हाय. आणि ह्याच्या वर तर अजिबात न्हाय. ह्या दोन्ही पळ्या आता माझ्याकडं.” जुनं ऑइल डब्यांत भरून झाकणं लावली, अनगोळला वडील कुठं द्यायचं ते बघतील.

दर्शन झालं, माळ झाली, जेवणं झाली. निघताना मी तिला विचारलं, “चढंल का गं?”

“फेसानं आत काय बिघडलं नसलं तर चढंल. सांगता येत न्हाय आत्ती.”

मी पुढं, ती मागं. हे चालवत होते आणि, काय सांगू, गाडीत बसूनही बोलत नव्हते. गाव सुटलं, चढ लागला, थोरल्या काकांच्या बैलगाडीचं वळण आलं आणि गेलं. मी मनात णमोकार मंत्राचा जप धरला. मागं बघायचं धाडस मला होईना.

“धूर न्हाय,” रूपाली मागच्या काचेतून बघत म्हणाली. “गिअर खाली घ्या मामा, पळवू नका तिला.”

रसवंती दिसली. आमची गाडी ओळखून भरमू बाह्या सरसावत रस्त्याच्या कडेला आला. “आण्णा, आलो बघा,” तो ओरडला, “चंपाआक्का, तुम्ही बसूनच राहावा.”

ह्यांचा पाय ब्रेककडं जायला लागलेला मी बघितला. माणूस धक्का मारायला उभा आहे, थांबून दोन शब्द बोलायची आमच्याकडची रीत. “थांबू नका,” मी म्हणाले. “आपण थांबलो तरी थांबल्यातच जमा व्हायचं.”

ह्यांनी पाय काढला. गाडी घुमत, एका लयीत, भरमूच्या समोरून गेली. तो बाह्या सरसावलेलाच राहिला. ह्यांनी खिडकीतून हात काढून त्याला नमस्कार केला. पुढचं वळण घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं, आणि सगळा घाट खाली राहिला.

तेव्हा ह्यांनी श्वास सोडला. “मला वाटायचं, तुला कळलं तर म्हणशील, हे म्हातारपणी गाडीला नैवेद्य दाखवायला लागलेत.”

“मी कशाला म्हणीन?”

“मग तू का लपवलीस पळी?”

“तुम्हांला वाटलं असतं, आता हिलाच जमतंय, मला न्हाय.”

मागच्या सीटवर रूपाली म्हणाली, “तुम्ही दोघं गाडीतच राहायला या. घर मी सांभाळते.”

हे हसले आणि मग सुरू झाले. कैऱ्या, शाळा, ह्या गाडीतनं कणकुंबीच्या जंगलात वाट चुकली ती हकिकत, जी मी कैकदा ऐकली आहे आणि दर वेळी तिच्यात एक नवं अस्वल निघतं. स्तवनिधीला क्षेत्रपालापुढं उभे राहिले तेव्हाही ओठ हलत होते. बाहेर येऊन नागेंद्रला फोन केला, “गाडी न्हाय द्यायची आता. पण हिकडं आलात तर घरी या.” उतरताना, घाट संपल्यावर, गाडी मुद्दाम बाजूला लावून हे वर भरमूकडं चालत गेले आणि धक्क्याची हौस राहिली म्हणून त्याची माफी मागून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडून झालं तर हे अजून गेटपाशीच. चष्मा लावलेला. बॉनेट उघडं. ह्यांनी पट्टी पुसली, बुडवली आणि माझ्यापुढं धरली. मी वाकून बघितलं आणि दोन बोटांमधली जागा दाखवली: मधे. ह्यांनी झाकण लावलं. मग सहज हात जास्वंदीच्या कुंडीमागं गेला, तिथं पळी नाही हे आठवून रिकामाच परत आला. तो हात घेऊन हे तसेच उभे राहिले आणि त्यांचं पोट हलायला लागलं, मग माझं.

बस्तीला आम्ही बरोबर गेलो. मौनात हसलेलं चालतं का, हे महाराजांना अजून विचारलेलं नाही.