पहिल्या ओळीवर थांबले

बेटावरच्या आमच्या दवाखान्यात नोंदी पाहण्याचं काम माझ्याकडे आहे. सगळ्या दवाखान्यांच्या नोंदींची फाईल मात्र कंपालातल्या संगणकावर. एका रुग्णाची माहिती हवी असली तरी लाखभर माणसांची ती अख्खी फाईल आधी इकडे उतरायची, मग त्यात शोध. निम्म्यात नेटवर्क गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

सोमवारी, सकाळची जपमाळ आटोपून, मी ती पद्धत मोडली. आता फक्त प्रश्न तिकडे जायचा, शोध तिकडेच व्हायचा आणि उत्तराची ओळ तेवढी यायची. रुग्णाचं नाव मी प्रश्नात घेतलंच नाही. आमच्याकडे कुणी चर्चचं नाव लिहितं, कुणी कुळाचं. आईचं नाव आणि जन्मतारीख पुरे. पहिली ओळ सापडली की थांब, आणि तिच्यातला बाधणाऱ्या औषधांचा रकानाच पाठव. क्षणात उत्तर. मनाशी थोडी फुशारलेच, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी, माझ्या उपासाच्या दिवशी, पर्पेतुआ नावाच्या पोरीला होडीतून आणलं. तापाने शुद्ध हरपलेली. सोबत आई.

“हिला कुठलं औषध बाधतं का?” डॉक्टर वालुसिंबींनी विचारलं.

“दोन वर्षं मासाकाला आत्याकडे होती, डॉक्टर. तिथे काय टोचलं, मला काय ठाऊक?”

मी प्रश्न पाठवला. उत्तर आलं: काही बाधत नाही.

“बाई, तुमचं यंत्र आता माझ्या बायकोपेक्षा लवकर उत्तर देतं,” म्हणत डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन भरलं.

दारातला होडीवाला आईला म्हणाला, “नालोंगो, बसा की. तुम्ही उभ्या राहिल्याने तिचा ताप उतरणार आहे होय?”

मी पडद्यावरून मान वर केली. नालोंगो आम्ही जुळ्यांच्या आईलाच म्हणतो. एक आई, एक तारीख, दोन मुली. आणि मी पहिल्या ओळीवर थांबले होते.

“डॉक्टर, थांबा. ती ओळ कदाचित बहिणीची असेल.”

सुई दंडापासून बोटभर अंतरावर थांबली. मी पुन्हा विचारलं, या वेळी सगळ्या ओळी, नावांसकट. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. पोरीचा श्वास घरघरत होता. ‘नमो मरिये’ ओठांवर आलं, पुढचे शब्द आठवेनात.

दोन ओळी आल्या. दुसरी धाकट्या जुळीची, नाकातो पर्पेतुआची: पेनिसिलिनने घसा बंद, मरता मरता वाचली.

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवून दुसरं औषध काढलं.

संध्याकाळी पोरीने डोळे उघडले. आईने माझे हात धरले. मला तिच्याकडे बघवेना. सोमवारपासून अशा तेवीस ओळी मी दिल्या होत्या. बेटावर नालोंगो किती असतील?

त्या तेवीस जणांची यादी काढून मी पहिल्या घरी फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलेना.