वाळक्या फांदीचे लाड

माझं वय दोनशे दहा वर्षं आणि उंची दोन वीत, मित्रांनो. यात हसण्यासारखं काही नाही. कुंडीतल्या झाडाची उंची विचारायची नसते, तब्येत विचारायची असते. ती मात्र कोणी विचारत नाही.

मी जुनिपर. जन्म जपानातल्या इतोइगावाच्या कड्यावरचा. तिथल्या बर्फाने माझी उजवी फांदी लहानपणीच मारली. पुढे एक माणूस कमरेला दोर बांधून कड्यावरून उतरला, त्याने मला मुळांसकट काढलं आणि मी ओमियातल्या बोन्सायवाल्यांच्या वस्तीत आलो. आता ही मेलेली फांदी छाटतील, असं मला वाटलं. त्यांनी जिवंत फांद्या छाटल्या आणि मेलेली ठेवली. बर्फाने मारलेलं पांढरं लाकूड हीच म्हणे बोन्सायची शोभा.

तेव्हापासून तिचे जावयासारखे लाड चालले आहेत. तिला ब्रशने घासतात, चुना-गंधकाचं पाणी लावून शुभ्र करतात. इकडे मुळांनी पाणी ओढायचं ते मी. बोटभर रुंदीच्या जिवंत सालीतून ते वर चढवायचं ते मी. पानं हिरवी ठेवायची तीही मी. ती नुसती वाकडी उभी असते. पाहुणे येतात, फोन काढतात आणि म्हणतात, "ते हिरवं जरा बाजूला ठेवून फोटो घे."

माझे मालक तोकुजिरो आजोबा ऐंशीचे. त्यांची सून मिसुझु एकदा म्हणाली, "बाबा, स्वतःचे दात दोन मिनिटं घासता आणि हिला दोन तास?"

"माझे दात खोटे आहेत. ही खरी आहे."

"खरी कसली? मेलीय ती!"

"म्हणूनच उलट उत्तर देत नाही."

माझा जळफळाट व्हायचा. स्वतःच्याच फांदीवर जळणं शोभत नाही, हे मला कळतं. पण जळायला दुसरं होतं तरी कोण? शेजारच्या मेपलची पानं दरवर्षी गळतात. त्याच्यावर काय जळायचं?

म्हणून या वसंतात मी रुसलो. डाव्या खालच्या फांदीला पाणी पोचवणं बंद केलं. महिन्याभरात ती पिवळी पडली. आता आजोबा घाबरतील, मला कुरवाळतील, वैद्य बोलावतील, अशी माझी खात्री होती.

एका सकाळी त्यांनी ती फांदी पाहिली. हातातली झारी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं. मी आनंदाने शहारलो.

"मिसुझु, लवकर ये!" ते ओरडले. "हिला जोडीदारीण मिळाली!"

"कोणाला?"

"वाळकीला! ही डावी बाजू मला चाळीस वर्षं जड वाटत होती, पण कापायचा धीर होत नव्हता. झाडाने स्वतःच ठरवलं बघ. काय कलेची जाण आहे!"

मी जिवाच्या आकांताने ओरडलो. झाडाच्या ओरडण्याने एक पान गळतं. आजोबांनी ते फुंकर मारून उडवलं आणि पक्कडीने त्या फांदीची साल सोलायला घेतली.

झालं. मला एक सहन होत नव्हती, आता दोघी झाल्या. दोघींना घासायचं म्हणजे चार तास. जुलैचं ऊन तापलं आणि माझी सकाळच्या पाण्याची वेळ वाळक्यांच्या न्हाण्यात जाऊ लागली. या वेळी मी रुसलो नव्हतो, मित्रांनो. खरोखर तहानलो होतो. माझा शेंडा पिवळा पडू लागला.

आजोबांनी शेंडा पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर तोच आनंद उजळला.

"मिसुझु, पक्कड आण! शरदातल्या प्रदर्शनात तिघी नेऊ!"

शेंडा गेला की मी उरणार नव्हतो. उरलं असतं ते जळाऊ लाकूड, पण अतिशय स्वच्छ.

मिसुझुने पक्कड आणली, पण दिली नाही. तिने माझ्या मातीत बोट खुपसलं.

"बाबा, इथे हात लावा."

"कशाला?"

"लावा तर खरं. ठणठणीत कोरडी आहे. मेलेल्यांना रोज आंघोळ आणि जित्याला उपास?"

आजोबांनी माती चाचपली. मग अंगठा माझ्या जिवंत सालीवरून खालून वर फिरवला. दोनशे दहा वर्षांत तिथे कोणी हात फिरवला नव्हता. ते गेले आणि झारी भरून आणली. पाणी कुंडीच्या बुडातून वाहेपर्यंत घातलं. थोडं थांबून पुन्हा घातलं.

"चाळीस वर्षं हेच शिकवतोय शिकाऊ पोरांना," ते पुटपुटले. "आधी पाणी."

माझा शेंडा वाचला. डावी फांदी गेली ती गेलीच, आणि तिचा खून मीच केला हे कोणाला ठाऊक नाही. प्रदर्शनात सगळ्यांनी तिचीच तारीफ केली.

मित्रांनो, आमच्याकडे आलात तर मेलेलं लाकूड खुशाल बघा. पण मग जरा वाका, ती बोटभर साल शोधा आणि माती ओली आहे का तेवढं पाहा. घरातही जो गुपचूप पाणी वाहतोय, त्याची कधी चौकशी करा. आणि तुमच्यापैकी कोणाला रुसायचंच असेल, तर आधी खात्री करून घ्या, की घरात कोणी कलावंत नाही.