सुनेने देऊन टाकलेली माफी

गुलिझारबाई सुनेवर अशा कडाडल्या की ऋजुताच्या कपातला चहा हिंदकळला. "तुला कुणी सांगितला होता हा आगाऊपणा?"

झालं होतं असं. इंग्लंडातल्या लेस्टरच्या त्यांच्या गल्लीतला बेकरीवाला रिफात मरणाला टेकला होता. तुर्कांत रीतच आहे, जाणाऱ्याने सगळ्यांची माफी मागून मोकळं व्हायचं. बापाच्या वतीने लेक दारोदार फिरत होती. सासूबाई दुकानात गेलेल्या. दारातली रडवेली मुलगी बघून पुण्याची आपली ऋजुता विरघळली आणि म्हणाली, "अगं, दिली! आईंच्या वतीनेही दिली."

"कुणाला दिलीस ठाऊक आहे?" गुलिझारबाईंचा आवाज चिरकला. "अठ्ठ्याहत्तर साली तुर्कस्तानात, आमच्या मराश शहरात आम्हा अलेवी पंथाच्या लोकांना कापलं ना, तेव्हा हा मेला स्वतःला लांडगे म्हणवणाऱ्या त्या पोरांत होता. आमच्या शेजारचाच! मारेकऱ्यांना आमचं दार यानेच दाखवलं. माझा भाऊ हुसेन एकोणीस वर्षांचा होता गं!"

ऋजुता रडायला लागली. गुलिझारबाईंनी तिला समजावलं नाही. चार वर्षांपूर्वी पाव घेताना त्यांनी रिफातला ओळखलं होतं, आणि तेव्हापासून त्या याच दिवसासाठी दात आवळून बसल्या होत्या. सुनेने दिली म्हणजे घराने दिली! छे, हे त्या चालू देणार नव्हत्या.

शुक्रवारी मशिदीच्या आवारात रिफातची शवपेटी ठेवली होती. तीनदा विचारायच्या रिवाजाप्रमाणे इमामांनी पहिल्यांदा विचारलं, "मयताला माफ करता?"

"केलं," सगळे म्हणाले.

"मी नाही," मागून गुलिझारबाई म्हणाल्या.

माना वळल्या. इमामांनी दुसऱ्यांदा विचारलं, तशा त्या तरातरा पेटीपाशी गेल्या. "माझ्या भावाला मारायला याने माणसं आणली. सुनेने दिलेली माफी मी परत घेते."

लेक पांढरीफटक पडली. "बाबा तर म्हणायचे, मराश मी पाहिलंसुद्धा नाही."

"विचार की त्याच्या मराशच्या दोस्तांना. हे काय, समोरच उभे आहेत."

पुढच्या रांगेत तिघे म्हातारे होते. मुलीने एकेकाकडे पाहिलं. एकानेही मान वर केली नाही.

इमामांनी घाईघाईने तिसऱ्यांदा विचारलं. लोक काहीबाही पुटपुटले. लेक मात्र ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

गुलिझारबाईंना तिची दया यायला हवी होती. नाही आली. उलट कितीतरी वर्षांनी छाती भरून श्वास घेता आला. त्यांनी ऋजुताचा हात धरला.

"चल," त्या म्हणाल्या. "आता जाऊ दे त्याला तसाच."